शेळवंडीच्या सुनांची हाक

शेळवंडीला हुरडा खायला येणाऱ्या पाहुण्यांना एक गोष्ट हमखास खटकते. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, पाखरांचे थवेच्या थवे कणसांवर उतरताहेत, आणि माळ्यावरचा राखण्या नुसता पत्र्याचा डबा बडवतोय. गोफण कुणाच्याच हाती नाही. कुणी हसून विचारलंच, तर देवळातले म्हातारे केरबा गुरव आधी जरा रागावतात. मग शेतातल्या एका दगडी ओट्याकडे बोट करतात आणि सांगायला बसतात.

फार जुनी गोष्ट आहे, म्हणे. त्या ओट्याच्या जागी हैबतीचा माळा होता. हैबतीसारखा गोफण चालवणारा पंचक्रोशीत नव्हता, आणि त्याचा त्याला भारी तोरा होता. तसाच तोरा घरच्या चालीरीतींचा. वैशाखात त्याच्या मुलाचं लग्न झालं आणि राही नावाची सून घरात आली. डोंगराकडेला वाढलेली पोर, आवाज खणखणीत. विहिरीवरून तिनं कुणाला हाक मारली की निम्म्या गावाला ऐकू जाई. शेजारणी हसल्या. हैबतीला ते जिव्हारी लागलं.

"सूनबाई," तो ओसरीवरून म्हणाला, "आपल्या घरात सुनंचा आवाज उंबऱ्याभाईर जात न्हाई. ध्यानात ठिवा."

"व्हय, मामंजी," राही म्हणाली, आणि तिनं ते मनापासून पाळलं. दिवाळीपर्यंत तिचं बोलणं शेजारी बसलेल्या सासूलाही नीट ऐकू येईना. हैबती चारचौघांत सांगे, "सून असावी तर अशी." असं सांगताना त्याला फार बरं वाटे, बिचाऱ्याला.

उंच ज्वारीतून चालणारं माणूस माळ्यावरून दिसत नाही, नुसती ताटं हलताना दिसतात. म्हणून भाकरी घेऊन येणारी सासू बांधापासूनच "आले वंऽ" अशी हाळी देई. पौषात एके सकाळी ती तापानं फणफणली, तेव्हा न्याहारीची पाटी राहीनं डोक्यावर घेतली. हैबतीला याची काहीच कल्पना नव्हती. त्या आठवड्यात रानडुकरांनी पिकाची पार नासधूस केली होती आणि तो रात्रंदिवस माळ्यावरच डोळ्यांत तेल घालून बसला होता. ताटं हलली. त्यानं कान दिला. हाळी आली नाही. माणूस असतं तर बोललं असतं, असं त्याच्या मनानं घेतलं, आणि त्यानं गोफण फिरवली.

भाकरी ढेकळांत सांडल्या होत्या. राही अजून जिवंत होती, ओठ हलत होते. हैबतीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, कान तिच्या तोंडाशी नेला.

"मोठ्यानं बोल गं माझे बाय! मोठ्यानं बोल!"

पण सासऱ्यासमोर ती बोलली ती हळूच. काय म्हणाली, ते त्याला मरेपर्यंत कळलं नाही.

त्याला कुणी बोल लावला नाही, असं सांगतात, आणि तेच त्याला सहन होईना. "धोंडा नुसता निमित्त," तो दारोदार जाऊन सांगे. "तिला म्या वैशाखातच मारली." त्यानं गोफण जाळली, माळा मोडून तिथं ओटा बांधला. त्याचे हाल बघून गावातल्या बाकीच्या गोफणीही खुंटीला लागल्या त्या कायमच्याच.

पुढं मुलाचं दुसरं लग्न झालं. पहिल्याच हुरड्याला हैबती त्या ओट्यावर जाऊन बसला आणि त्यानं नव्या सुनेला हात जोडले. ज्वारीत जाऊन स्वतःचं नाव घेऊन हाक मार, एवढंच त्याचं मागणं होतं. पोर लाजली, तिला आवाज फुटेना. दिवस कलेपर्यंत तो अन्नपाण्यावाचून बसून राहिला. शेवटी हाक आली. "ओ" देताना म्हातारा लहान पोरासारखा रडला, म्हणे.

आजही लग्नानंतरच्या पहिल्या हुरड्याला शेळवंडीची प्रत्येक सून एकटी ज्वारीत शिरते आणि आपलं नाव घेऊन हाक मारते. गावातले सगळे बाप्ये हातातलं काम टाकून, टोप्या काढून उभे राहतात आणि एका आवाजात "ओ" देतात. पाहुण्यांना मोठी गंमत वाटते, ते टाळ्या वाजवतात. तेव्हा केरबा गुरव हात वर करून त्यांना थांबवतात.

"टाळ्या वाजवू नगासा," ते म्हणतात. "आमी माफी मागतोय."