हळदीची मूठ

लग्नांचे फोटो काढून काढून कुमुदताईंचा डीएसएलआर म्हातारा झाला होता. ऐन सप्तपदीत अडून बसायचा. एका हळदीवरून त्या तडक माणिकशेठच्या दुकानात गेल्या. शेठनी सगळ्यात महागडा कॅमेरा पुढे ठेवला. "धूळ म्हणू नका, पाणी म्हणू नका, याला काही होत नाही! बायकांना यातलं काय कळणार?"

ताईंनी पिशवीतली उरलेली हळद मुठीत घेऊन उगारली. शेठ किंचाळत महागड्या कॅमेऱ्यावर पालथे पडले. शेजारीच पासपोर्ट फोटोंसाठी चार वर्षं रोज राबणारा त्यांचा स्वतःचा कॅमेरा होता. त्याच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

ताईंनी त्याच्याकडे बोट दाखवलं. "मला याच्यासारखा नवा द्या. तो महागडा चांगलाच असेल हो, पण दर हळदीला असं आडवं पडायला तुम्ही येणार का?"