पंचफुलाबाईची घरघंटी

“मग काय, विमानात चक्की घालून नेऊ का, भन्तेजी?”

सिद्धांत गजघाटे हे इतक्या जोरात बोलला की विहाराच्या कठड्यावरची कबुतरं उडाली.

भन्ते धम्मकेतू अंगणातल्या दोरीवर धुतलेलं चीवर वाळत घालत होते. त्यांनी वळून पाहिलं नाही. चीवराची सुरकुती हाताने काढली, दुसरं टोक ओढून घेतलं.

“कुठली चक्की?”

“आईची घरघंटी. बेचाळीस किलो वजन आहे. बारा दिवसांनी आम्ही कॅनडाला चाललो. मी, माझी बायको करुणा आणि आई. आणि आता आई म्हणते, चक्की आली तर मी येईन. नाही तर नाही!”

मी विहारात झाडलोट करतो. त्या सकाळी पिंपळाची पानं गोळा करत होतो. हा मुलगा मी लहानपणापासून पाहिलेला. भंडाऱ्याच्या शाळेत पहिला यायचा, पुढे नागपूरला विजेचा इंजिनिअर झाला. विहारात आला की आधी तीनदा वंदन करायचा, मग बोलायचा. त्या दिवशी विसरला.

त्याची आई विसरली नाही. पंचफुलाबाई त्याच्या मागून हळूहळू आली. फाटकाशी चप्पल काढली, गुडघ्यावर हात ठेवत तीनदा वाकली, आणि भिंतीला टेकून बसली.

“बस,” भन्ते सिद्धांतला म्हणाले.

तो बसला नाही.

“तिथली वीज वेगळी आहे, भन्तेजी. आपल्याकडे दोनशे तीस व्होल्ट, तिथे एकशे वीस. ही मोटर तिथे लावली तर नुसती घुमेल, तापेल आणि जळेल. ट्रान्सफॉर्मर लावायचा तर तो आणखी वजनाचा. मी हेच शिकलो आहे. माझं कामच हे आहे. सगळी कंपनी मला विचारते. आणि ही मला म्हणते, ‘लावून त पाह्य.’”

भन्तेंच्या मिशा असत्या तर हसू लपलं असतं. त्यांना मिशा नव्हत्या.

“बाकीच्या सामानाचं काय केलंस?”

सिद्धांतने खिशातून फोन काढला. त्यात यादी होती. फ्रिज मेव्हण्याला. वॉशिंग मशीन विकलं. मिक्सर आणि इस्त्री कामवालीला. प्रेशर कुकर न्यायचा, त्याला वीज लागत नाही. पोळपाट-लाटणं न्यायचं. आईची औषधं सहा महिन्यांची.

“कूलर विहाराला देतो आहे, भन्तेजी. त्यावर बाबांचं नाव लिहून घेऊ. पेंटरला सांगून ठेवलं आहे.”

आमच्या विहारात पंख्यांच्या पात्यांवरसुद्धा नावं आहेत. अमक्याच्या स्मरणार्थ, तमक्याच्या स्मरणार्थ. पंखा सुरू केला की एकही नाव वाचता येत नाही.

“सगळ्याचा निकाल लागला,” सिद्धांत म्हणाला. “एक चक्की तेवढी अडून बसली आहे. तुम्ही मागच्या रविवारी सांगितलंत ना, तृष्णा हेच दुःखाचं मूळ. तेच आईला सांगा. वस्तूत जीव अडकवू नये म्हणावं. ती तुमचं ऐकते.”

“तू सांगितलंस?”

“वीस वेळा!”

“मग?”

“मग काय! मी बोलत असतो आणि ती फडकं घेऊन चक्कीची धूळ पुसत असते.”

भिंतीकडून हळूच आवाज आला.

“धूळ नाही बाबू. पीठ रायते ते.”

भन्तेंनी दोरीवरचा हात काढला आणि ते पंचफुलाबाईसमोर येऊन बसले.

“काय काय दळता, उपासिका?”

“काय नाही दळत जी?” ती म्हणाली. “गहू, जवारी, तांदूळ. गोंडाणेबाईले साखर आहे, तिची जवारी वेगळी. मास्तरीणबाईचं उपासाचं दळण रायते, ते मी सकाळी सगळ्यात आधी घेते. चक्की आतून-बाहेरून पुसून घेते. गव्हाचा कण गेला त उपास मोडते म्हणते ते. माझा काही उपास नाही. पण तिचा आहे नं.”

“आणि ज्वारी झाली की?”

“जवारी झाली की घरचे मूठभर गहू सोडते. मग दुसऱ्याचे टाकते. कोणाच्या पिठात कोणाचं जाऊ नाही.”

सकाळपासून तिने मान वर केली ती तेव्हाच.

“ऐकलंत?” सिद्धांत उसळला. “साठी उलटली, दोन्ही गुडघे गेले, आणि ही अख्ख्या कॉलनीचं दळून देते. लोक डबा ठेवतात आणि चालायला लागतात. कुणी म्हणत नाही, बाई, तुम्ही बसा, मी टाकते. माझ्या ऑफिसचे साहेब घरी आले होते. दारात सात डबे! मला विचारतात, ‘गजघाटे, गिरणी आहे का तुमची?’”

“तू काय सांगितलंस?”

तो थांबला.

“...सांगितलं, शेजाऱ्यांचे डबे आहेत. आज चुकून इथे ठेवले.”

“चुकून...” भन्ते म्हणाले.

“मग काय सांगू? इंजिनिअरची आई दळण करते म्हणून सांगू?”

हे बोलून गेल्यावर त्याने आईकडे पाहिलं नाही. तिनेही त्याच्याकडे पाहिलं नाही. ती पदराच्या काठावरचा एक सुटलेला धागा बोटाभोवती गुंडाळत होती.

भन्ते उठले. खोलीत गेले. थोड्या वेळाने एक गाठोडं घेऊन आले. दोरीवरचं ओलं चीवरही काढून आणलं आणि सगळं चटईवर मांडलं.

“सिद्धांत, तू या कामात हुशार आहेस. भिक्खूच्या आठ वस्तू असतात. दोन चीवरं अंगावर आहेत, तिसरं हे. हे भिक्षापात्र. कमरपट्टा. वस्तरा. सुई. आणि हे पाणी गाळायचं फडकं. यातलं काय ठेवावं, काय काढावं, तू सांग.”

हुशार म्हटल्यावर त्याचा राग थोडा उतरला. तो चटईजवळ मांडी घालून बसला. बाह्या वर केल्या.

“तिसरं चीवर काढा. एक धुतलं की दुसरं आहेच. हे लगेच वाळतही नाही.”

भन्तेंनी ते ओलं चीवर उचलून बाजूला ठेवलं.

“पात्र जड आहे. त्यापेक्षा स्टीलचा डबा घ्या, झाकणाचा. सांडत नाही.”

पात्र बाजूला गेलं.

“वस्तरा काढाच. विमानतळावर धरतील. सुईपण नको, तपासणीत उगाच अडकते.”

वस्तरा गेला. सुई गेली.

“हे फडकं आता कोण वापरतं, भन्तेजी?”

“पाण्यातले जीव पोटात जाऊ नयेत म्हणून असतं ते.”

“आरओ बसवा. जीव राहतच नाहीत.”

भन्ते त्याच्याकडे क्षणभर पाहत राहिले. मग फडक्याची घडी केली आणि तेही बाजूला ठेवलं.

“कमरपट्टा...” सिद्धांतने तो हातात धरून तोलला. “राहू द्या. याला वजन नाही.”

चटईवर एकटा कमरपट्टा उरला.

“झालं! पाच मिनिटं नाही लागली. एका छोट्या पिशवीचं काम आहे. सामानाकडे असं पाहायचं असतं, भन्तेजी.”

तेवढ्यात पंचफुलाबाई हसली. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून. खूप दिवसांनी हसल्यासारखी हसली.

“आई, काऊन हसतेस?” चिडला की त्याच्या तोंडात घरची भाषा यायची.

“भन्तेजीले कुठी पाठवून राह्यला रे, बाबू?”

सिद्धांतने काही बोलायला तोंड उघडलं. बाजूच्या ढिगाकडे पाहिलं. वस्तरा, सुई, पात्र, ओलं चीवर.

“मी कुठे... त्यांनीच विचारलं ना, काय ठेवू, काय काढू...”

“ते कुठी जाऊन राह्यले का, हे विचारलं का तू?”

...

मी झाडू धरून उभा होतो.

मग सिद्धांत एकदम उभा राहिला.

“समजलं. समजलं मला! म्हणजे मीच वाईट. माझ्यासोबतच्या एकाने आईला वृद्धाश्रमात ठेवलं आणि गेला. दुसऱ्याने बहिणीच्या गळ्यात घातली. त्यांना कुणी काही म्हणत नाही. त्यांच्या आया चकलीचे डबे घेऊन निरोपाला जातात. मी व्हिसासाठी सात महिने धावलो. हिच्या जन्मतारखेचा घोळ, हिच्या नावाचा घोळ, एका कागदावर पंचफुला, एकावर फुलाबाई. रांगेत उभा राहिलो. रजा घालवल्या. मी हिला सोडून जात नाही आहे, भन्तेजी. घेऊन जातो आहे! हापण गुन्हा का?”

शेवटी त्याचा आवाज फाटला. माझा जीव तुटला त्याच्यासाठी. तो खोटं बोलत नव्हता.

“गुन्हा नाही,” भन्ते म्हणाले.

“मी कुठी म्हणते गुन्हा?” पंचफुलाबाई म्हणाली. आता ती हसत नव्हती. “तू धावला. मले माहीत आहे. तुह्या पायाले फोड आले, मी तेल लावलं. पण घर भाड्यानं दिलं, ते मले कोणी सांगितलं?”

“...सांगणारच होतो.”

“एक बाई आली टेप घेऊन. पडद्याचं माप घ्याले. मी तिले चहा दिला. मले वाटलं, चुकीच्या घरी आली बिचारी. पत्ता विसरली असंन. खिडकीले टेप लावला, मी दुसरं टोक धरलं. मग ते मले म्हणते, आजी, तुमची चक्की कधी उचलता? तिथी माझं कपाट बसते.”

सिद्धांतने मान खाली घातली.

“ज्या भिंतीचा गिलावा तुह्या बापानं अन् म्या मिळून केला, त्या भिंतीचं माप घेत होते ते बाई. अन् मी टेप धरून उभी!”

एवढ्या हळू बोलणारी बाई. पण शेवटच्या शब्दाला तिचा हात भिंतीवर आपटला. बांगडी वाजली.

“मग तेव्हाच का नाही म्हणालीस?” तो पुटपुटला. “नाही यायचं म्हणून सांगायचं होतं सरळ. चक्कीचं नाटक कशाला केलंस?”

तिने वाजलेली बांगडी मनगटावर मागे सारली.

“नाही म्हटलं असतं त तुले लागलं असतं, बाबू. जाऊन राह्यलेल्या लेकराचं मन काऊन दुखवावं? चक्कीचं नाव घेतलं त नुसता राग आला. राग आलेला बरा.”

...

सिद्धांत पायरीवर बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. फाटकाबाहेरून एक भाजीवाला ओरडत गेला.

मग त्याने हात काढले. डोळे लाल झाले होते. आई हाताच्या अंतरावर बसली होती. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने भन्तेंकडे पाहिलं.

“तिकिटं काढली आहेत. भाडेकरू एक तारखेला येतो, मी शब्द दिला. करुणाची तिकडची नोकरी ठरली. आता मी काय करू, भन्तेजी?”

भन्ते चटईवर बसून आपलं सामान आवरत होते. सुई चिंधीत खोचली. वस्तरा त्याच्या कापडात गुंडाळला.

पंचफुलाबाई भिंतीचा आधार घेत उठली. गोंडाणेबाईचा डबा सकाळपासून दारात असेल, असं काहीसं स्वतःशीच म्हणत ती फाटकाकडे निघाली. एक चप्पल पायात घातली.

“आई तुमचं ऐकते,” सिद्धांत म्हणाला. “तुम्ही चल म्हणाल तर येईल, राहा म्हणाल तर राहील. तुम्हीच ठरवा, भन्तेजी. तुम्ही सांगाल ते मी करतो. एका शब्दाने विचारणार नाही.”

फाटकाशी पंचफुलाबाई थांबली. दुसरी चप्पल तिने घातली नाही.

भन्तेंच्या हातात पात्र होतं. ते त्यांनी खाली ठेवलं. पंचवीस वर्षं मी या विहारात आहे. त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

“तिला विचारायचं सोडून तिच्यासाठी आणखी एक मालक शोधतोस?”