शिंगाळ्याने धरलेला गळ

मासे माणसांशी तोंडावर बोलत, त्या काळची ही गोष्ट. लखू भोई वर्षानुवर्षे डोहातल्या अजस्र शिंगाळा माशामागे लागला होता. गाव चिडवी, “लखूतात्या, आधी तूच म्हातारा होशील!” पण त्याने हट्ट सोडला नाही.

एका सकाळी कपारीपुढे टाकलेला गळ शिंगाळ्याने एकदाचा तोंडात धरला.

“भुललास ना, मिशाळ्या!” लखू ओरडला.

“भुलतोय कसला! पिल्लं गळाला लागली असती, म्हणून धरला. ओढ आता!”

लखूने वाकून पाहिले. कपारीत पिल्ले वळवळत होती. पिल्ले राखणारा मासा भोई कधी धरत नसत. दातओठ खात त्याने दोरी कापली.

“पिल्लं पांगली की येतोच.”

“ये. तेव्हा मी स्वतःसाठी झुंजेन.”