चाकाखालचा दगड

दगडालासुद्धा काम सांगण्याआधी विचारायची रीत होती, त्या काळची ही गोष्ट.

कासारआळी अरुंद आणि चढावर होती. रोज संध्याकाळी एक दहाचाकी ट्रक तिथे मुक्कामाला यायचा. चढावर त्याचा ब्रेक टिकत नसे, म्हणून तो एका काळ्या दगडाला म्हणायचा, "लाग रे चाकाला." दगड लागायचा. एवढ्या मोठ्याला आपला आधार लागतो, याचा त्याला भारी अभिमान होता.

एकदा सगुणाला कळा सुरू झाल्या. तिला घेऊन निघालेली रिक्षा ट्रकापाशी अडकली.

"दादा, जरा सरका ना!" रिक्षा म्हणाली.

"दमलोय मी. घाई असेल त्यानं चालत जावं," ट्रक म्हणाला.

सगुणा उतरली आणि भिंतीला धरधरून मोठ्या रस्त्यापर्यंत चालत गेली. दगडाने ते चाकाखालून पाहिलं.

दुसऱ्या संध्याकाळी ट्रक आला. "लाग रे."

"नाही लागत."

ट्रकने धुण्याच्या दगडाला विचारलं. त्याने तोंड फिरवलं. पाटा म्हणाला, "माझं वाटण राहिलंय." ट्रक मागे घसरू लागला.

"अरे, मग मी थांबू कुठे?"

"नाक्यापलीकडच्या माळावर," काळा दगड म्हणाला. "तिथे सपाट आहे. कुणाला चाकाखाली घ्यावं लागत नाही."

ट्रक गेला, तो माळावरच राहिला.

आठवड्याने रिक्षा हॉर्न वाजवत थेट सगुणाच्या दारापर्यंत चढली. उतरताना सगुणाने बाळाचा पाय दाराजवळच्या त्या काळ्या दगडाला टेकवला. दहा चाकांनी न हललेला तो दगड तेवढ्याने हलला.