मुंगसाने नाकारलेला कौल

बालमित्रांनो, ज्या रानाची ही गोष्ट आहे, तिथे उन्हाळ्यात पाण्याचा एकच डोह उरत असे. त्यावर आधी पाणी कोणी प्यायचे, हे हुतूतूच्या सामन्यावर ठरे. दरवर्षी लांडगे जिंकत, नितळ पाणी पीत आणि मग त्यात मनसोक्त डुंबत. लहान प्राण्यांच्या वाट्याला नुसता गाळ येई. यंदा लहानांच्या संघाचा कर्णधार होते एक मुंगूस. अंगाने चिमुकले, पण मोठे मानी. पंच मात्र नेहमीचाच, म्हातारा रानगवा. गवा कोणाला भिणारा नव्हता, कोणाचा मिंधाही नव्हता. पण लांडगे जिंकतात हे पाहण्यातच त्याचा जन्म गेला होता. त्यामुळे जरा शंका आली, की त्याचा कौल आपसूक त्यांच्याकडे झुके.

सामना रंगला. लांडग्यांचा म्होरक्या चढाईला आला, घोरपडीला शिवून मागे वळला, तोच तिने त्याच्या पायाला मिठी घातली. घोरपडीचीच मिठी ती! रेषेच्या अलीकडेच म्होरक्याचा दम तुटला. पण धुरळा इतका उडाला होता, की गव्याला नीट दिसले नाही. "लांडगा सुटला. घोरपड बाद!" तो म्हणाला.

"गवाकाका, त्याचा दम तुटलेला मी माझ्या कानांनी ऐकला हो!" घोरपड कळवळून म्हणाली.

"लांडग्याचा दम असा तुटत नसतो," गव्याने तिला उडवून लावले.

"पंच त्यांचा! पंच त्यांचा!" झाडाझाडांवरून एकच ओरड उठली. ससे तर मैदान सोडून निघालेच. मुंगूस त्यांना आडवे गेले. संताप त्यालाही आला होता. "थांबा! आपण निघून गेलो, तर डोह आपल्याच हातांनी त्यांना दिल्यासारखे होईल. खेळूया."

अखेरची चढाई मुंगसाची होती आणि लहानांचा संघ एकाच गुणाने मागे होता. मुंगूस विजेसारखे आत शिरले, दोन लांडग्यांना शिवले आणि परत फिरले. रेषेजवळ कोणीतरी त्याची शेपटी पंजाखाली दाबली. झटापट झाली, पुन्हा धुरळा उडाला आणि मुंगूस रेषेपलीकडे जाऊन पडले. गव्याच्या कानांत मघाची ओरड अजून घुमत होती. तो घाईघाईने म्हणाला, "मुंगूस सुटले! लहानांचा संघ विजयी!"

रान दणाणून गेले. मुंगूस धूळ झटकत उठले. "नाही, गवाकाका. माझा दम रेषेआधीच तुटला होता. मी बाद आहे."

"अरे, वेड लागले का तुला?" घोरपड ओरडली. "पुन्हा गाळ प्यायचा?"

"ताई, तुझ्यावर अन्याय झाला तेव्हा आपण ओरडलो. आता तसाच अन्याय आपल्या फायद्याचा झाला म्हणून गप्प बसलो, तर पुढे कोणत्या तोंडाने ओरडणार?"

गव्याने मान खाली घातली. "ज्यांचा कर्णधार हातची जीत सोडून खरे बोलतो, त्यांनाच मी मघाशी खोटे ठरवले," तो म्हणाला आणि म्होरक्याकडे वळला. "आता तू सांग. तुझा दम तुटला होता का?"

साऱ्या रानाचे डोळे म्होरक्यावर खिळले. त्याने इकडेतिकडे पाहिले. मुंगसाच्या नजरेला मात्र त्याला नजर देता येईना. "तुटला होता," तो पुटपुटला.

गव्याने दोन्ही कौल फिरवले. गुण मोजले, तर सामना बरोबरीत! मग यंदा दोन्ही संघांनी एकाच वेळी पाणी प्यावे, असे ठरले. त्या संध्याकाळी एका काठावर लांडगे होते आणि दुसऱ्या काठावर मुंगूस, घोरपड, ससे. ते नितळ पाणी कोणी उपकार म्हणून दिले नव्हते, की कोणाला फसवून मिळवले नव्हते. घोरपड पोटभर प्याली, मग मान ताठ करून पलीकडच्या लांडग्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हा आमचा कर्णधार बरे का!"

तात्पर्य : जो आपल्या विरुद्ध जाणारे सत्यही उघड बोलतो, त्याच्याच न्यायाच्या मागणीला वजन येते.