वाकल्यावरचं माप

"मग शिक्का का मारत न्हाई, अण्णा? काय कमी हाय यात?"

केरबाने पिस्तुलाचं चामडी होल्स्टर पुन्हा एकदा म्हाताऱ्यापुढे सरकवलं.

रायाप्पा अण्णांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. त्यांचा पितळी शिक्का चामडं कापायच्या रापीशेजारी तसाच पडून होता. आयुष्यभर त्यांनी कमरेचे पट्टे आणि होल्स्टरं शिवली, पण मनाला पटल्याशिवाय तो शिक्का कुणाच्याच कामावर उठवला नव्हता. स्वतःच्याही नाही.

केरबा त्यांचा चेला. हात चांगला, आणि तो चांगला आहे हे त्याला जरा जास्तच माहीत होतं. पण हे काम गिऱ्हाइकाचं नव्हतं. धाकटा भाऊ म्हादू फौजदार झाला होता आणि उद्या संध्याकाळी रानातल्या ठाण्यावर निघायचा होता. त्या ठाण्यावरचा आधीचा फौजदार जिवंत परतला नव्हता. भावाच्या कमरेला अण्णांच्या शिक्क्याचं होल्स्टर असावं, एवढंच केरबाला हवं होतं.

"माप घेतलंस?"

"घ्यायचं कशाला? म्हादूची कंबर मला पाठ हाय. हात लागायचा अवकाश, पिस्तूल भायेर. बघा की."

त्याने पट्टा कमरेला बांधला. मापासाठी ठेवलेलं सागवानी पिस्तूल होल्स्टरमध्ये सरकवलं. ताठ उभा राहिला आणि झटक्यात ते बाहेर काढलं. खरंच, पापणी लवायच्या आत.

अण्णांनी मान हलवली.

"ठेव परत आत... निघताना म्हादू काय करंल?"

"काय करणार? वर्दी घालून आईच्या पाया पडंल."

"मग पड."

केरबा हसला. अण्णा हसले नाहीत.

"आत्ता?..."

"पड."

पेठेत नाव व्हायला लागल्यापासून केरबा अण्णांना नुसते हात जोडायचा. आज कितीतरी दिवसांनी तो त्यांच्या पायांपर्यंत वाकला.

पट्टा ओवायच्या फटी त्याने ऐसपैस कापल्या होत्या. होल्स्टर पट्ट्यावर पुढे कललं आणि लाकडी पिस्तूल अलगद निसटून म्हाताऱ्याच्या पावलांशी पडलं.

केरबा झटकन सरळ झाला.

"पर अण्णा, रानात त्यो कशाला वाकंल? तिथं काय आईच्या पाया..."

पुढचं त्याच्या तोंडातच राहिलं. रानात माणूस कशासाठी वाकतो, कशासाठी पालथा पडतो, ते त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. म्हादूच दिसला.

त्याने रापी उचलली आणि स्वतःच टाके उसवले. नवं चामडं पाण्यात भिजत घातलं.

"चुकलो, अण्णा... नव्यानं करतो. माप कसं घेऊ?"

अण्णांनी लाकडी पिस्तूल उचललं, धोतराच्या सोग्याला पुसलं आणि त्याच्या हातात दिलं.

"म्हादूला आईम्होरं उभा कर. वाकला की माप घे."