सोपानने पाणी राखलं

एका गावात एक भोळा प्रोग्रामर होता. नाव सोपान. गावच्या टाकीचा व्हॉल्व्ह त्याच्या प्रोग्रामवर चालायचा. तालुक्याच्या कॉम्प्युटरवरून हुकूम आला की व्हॉल्व्ह उघडायचा. हुकूम गावासाठी असला तर पाणी गावाला, शेजारच्या वाडीसाठी असला तर वाडीला.

सरपंच इंदुआक्कांच्या लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं. टाकीत पाणी जेमतेम. आक्का म्हणाल्या, "सोपान, हुकूम आला की आधी धाडणाऱ्याच्या ओळखीचं प्रमाणपत्र माग. त्याबिगर उघडायचं न्हाई."

सोपानने तसं लिहिलं. वाडीतल्या रंगनाथने वाडीला पाणी सोडायचा खोटा हुकूम धाडला आणि घरीच प्रमाणपत्र बनवलं : 'मीच तालुका. सही माझीच.' प्रोग्रामने मागितलं, त्याने दिलं. अर्धी टाकी वाडीत गेली.

"आरं, वाचलंस का ते?"

"मागायला सांगितलं होतंत. वाचायला कुठं सांगितलं?"

आक्कांनी कपाळाला हात लावला. "सही कुणाची ते बघत जा! स्वतःच स्वतःची सही करतो, त्याला उभं करायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी खुद्द तालुक्याचा हुकूम आला. सोपानने सही बघितली. तालुक्याच्या प्रमाणपत्रावर जिल्ह्याची. जिल्ह्यावर मुख्य कचेरीची. आणि मुख्य कचेरीवर? तिची स्वतःचीच!

"सापडला चोर!" म्हणत सोपानने सगळ्यांनाच हाकललं. गावचे नळ कोरडे. बायका रिकामे हंडे घेऊन आक्कांच्या दारात.

"सोप्या, मुख्य कचेरीच्या वर कोण सही करणार? देव? सगळ्यात वरच्याला आपण वळखतो, म्हणून त्याला इचारायचं नसतं. वळखीच्याचं नाव आधीच लिहून ठेवायचं!"

सोपानला हे एकदम पटलं. त्याच्या ओळखीचा कोण? रंगनाथ! शाळेत एकाच बाकावर बसायचे दोघं. त्याने रंगनाथचं नाव सगळ्यात वर लिहिलं.

लग्नाच्या सकाळी टाकी कोरडी ठणठणीत; रंगनाथच्या हुकुमाने सगळं पाणी वाडीत गेलेलं. चुलीवर पातेली रिकामी, आणि वऱ्हाड वेशीपाशी आलेलं. आक्का रडकुंडीला आल्या.

"वळखीचा म्हणं! खऱ्या सहीच्या प्रमाणपत्राबिगर त्या रंग्याला मांडवात घेतलंस, तर याद राख!"

सोपान मांडवाच्या दारात खुर्ची टाकून बसला.

इकडे रंगनाथच्या आईला कळलं, की लेकाने लग्नघरचं पाणी पळवलंय. तिने त्याला असा फैलावर घेतला, की बिचारा टँकर भरून ट्रॅक्टरला जोडून घेऊन आला.

"प्रमाणपत्र?" सोपानने विचारलं.

"आरं, पाणी आणलंय! तुमचंच हाय."

"सही कुणाची?"

"पाण्यावर कसली सही, गड्या?"

"मग चल, फूट!"

टँकर परत फिरला. सोपान छाती फुगवून आत धावला.

"आक्का, आज मात्र फसलो नाही हं!"